विटांवर चढवलेल्या फियाटखाली जाऊ नका

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे गॅरेजवाल्याला पैसे कशाला द्यायचे, फियाट असो की अॅम्बॅसेडर, पुढची सबफ्रेम (इंजिनखालची लोखंडी चौकट, जिच्यावर पुढच्या चाकांची जोडणी बसते) घरच्या अंगणात एका रविवारी निघते. पुढे सूचना दिल्यात. गाडीसोबत आलेला जॅक पुरतो, खाली विटांचे खांब रचा. स्प्रिंग दाबायचं यंत्र लागत नाही, बोल्ट सोडा आणि स्प्रिंग पायाने दाबून धरा. गंजलेले बोल्ट गॅसने लाल करा. इंजिन शेडच्या अँगलला साखळीने टांगा. बसवताना खुणांची गरज नाही, भोकं आपोआप जुळतात. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. अमळनेरच्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला, सोबत अंगणात रचलेल्या विटांचा फोटो. फोनवर म्हणाला, ‘मामा, काही व्हत नही.’ तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

विटांचं आधी. बाकीच्या चुकांनी गाडी बिघडते, या चुकीने माणूस जातो.

पद्मिनीचं, म्हणजे आपल्या फियाटचंच, वजन साधारण ९०० किलो, त्यातलं निम्मं पुढच्या बाजूला. भिंतीत वीट भार सोसते, कारण चुना-सिमेंटमुळे तो सगळ्या अंगावर सारखा पसरतो. अंगणात कोरड्या रचलेल्या विटांत एखादी केसभर उंच असते आणि सगळा भार तिच्या एका कोपऱ्यावर येतो. वीट वाकत नाही, दबत नाही, एकदम फुटते. लाकूड निदान करकरतं. त्यात आपण तिथे नुसते बसणार नसतो. वीस-पंचवीस वर्षं न हललेला बोल्ट सोडवायला पान्याला पाइप लावून अंगातलं सगळं बळ लावून ओढायचं असतं आणि प्रत्येक हिसक्याला गाडी आडवी हलते. आडव्या धक्क्याला विटांचा खांब किती टिकणार? शिवाय आपली जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि एका पावसात लोणी. वाळूवर बसवलेले पेव्हर ब्लॉकही जॅकखाली दबतात. खाली सिमेंटचा कोबा नसेल तर हे काम तिथे करूच नये.

जॅकबद्दल तर वाद घालायचीही गरज नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात लिहिलेलंच असतं की हा जॅक चाक बदलण्यापुरता आहे, याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. ट्रॉली जॅकवरच्या (चाकांवर सरकणाऱ्या जॅकवरच्या) स्टिकरवरही तेच असतं: फक्त उचलण्यासाठी, उचलल्यावर लगेच स्टँड, म्हणजे गाडी तोलून धरणारे लोखंडी टेकू, लावा. आणि लोखंडी स्टँडवरही डोळे झाकून विसंबू नये. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या मोठ्या हत्यार-विक्रेत्याला आपले तीन आणि सहा टनी स्टँड परत मागवावे लागले, कारण काहींचे दाते घसरून भार खाली येण्याचा धोका होता. बदली दिलेल्या स्टँडमध्येही वेल्डिंगचा दोष निघाला आणि तेही परत घ्यावे लागले. टनांचा आकडा छापून विकलेल्या लोखंडाची ही गत असेल, तर भट्टीतून ट्रॉलीने आलेल्या विटेची हमी कोण घेणार आहे?

आणखी एक गोष्ट वाचून मी हादरलो. मेसेजमध्ये विटांचा खांब ‘मधल्या जाड पट्टीखाली’ लावायला सांगितलंय. ती जाड पट्टी म्हणजेच क्रॉस मेंबर, सबफ्रेमचा आडवा भाग, म्हणजे जो भाग उतरवायचा आहे तोच! आधार क्रॉस मेंबरच्या मागे, बॉडीच्या लांबट बॉक्ससारख्या भागाला दोन्ही बाजूंनी द्यायचा. तोही आधी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायचा. टोक आत गेलं तर तिथे गंज आहे, स्टँड पत्रा फाडून वर येईल आणि त्या गाडीचं आधी बॉडीचं काम करावं लागेल. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. सगळं लावल्यावर खाली जाण्याआधी गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायची. भुसावळकडे जुने रेल्वे स्लीपर मिळतात. त्यांचे तुकडे आडवे-उभे रचून जादा आधार म्हणून ठेवले तर उत्तमच.

आता स्प्रिंग. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांच्या बैठका क्रॉस मेंबर आणि त्याच्या विशबोनमध्येच (चाक धरणाऱ्या, बिजागरीवर वर-खाली हलणाऱ्या दांड्यात) असतील, तर अख्खी जोडणी स्प्रिंगसकट खाली उतरवता येते आणि तेवढ्यापुरतं कॉम्प्रेसरशिवाय, म्हणजे स्प्रिंग दाबायच्या यंत्राशिवाय, भागतं. पण वरची बैठक बॉडीत असेल तर शेवटचा बोल्ट सुटताच स्प्रिंग मोकळी होते. स्प्रिंग चाकापेक्षा विशबोनच्या बिजागरीच्या जवळ बसते, म्हणून तिच्यावरचा दाब चाकावरच्या भारापेक्षाही जास्त असतो. काहीशे किलोंचा हा दाब म्हणे पायाने धरायचा! तो पाय गुडघ्यातून जाईल. काही गाड्यांत विशबोनला खाली जाण्यापासून शॉक अॅब्झॉर्बरच अडवून धरतो. त्या गाडीत जोडणी उतरवली तरी शॉकचा बोल्ट आधी काढला की स्प्रिंग उसळलीच. म्हणून पाना लावण्याआधी आपल्या गाडीत स्प्रिंग कुठून कुठे बसलीय ते टॉर्च घेऊन बघा. जोडणी खाली आल्यावर सुटी करायची असेल, तर तिथे कॉम्प्रेसर लागतोच.

अॅम्बॅसेडरला तर पुढे कॉइल स्प्रिंगच नाही, टॉर्शन बार आहेत, मूळच्या मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीकडून आलेले. पीळ देऊन ताणलेली लांब सळई. तो पीळ आधी उतरवल्याशिवाय पुढच्या सस्पेन्शनला हात लावायचा नसतो. जो माणूस ‘फियाट असो की अॅम्बॅसेडर’ लिहितो, त्याने दोन्हींपैकी एकीच्याही खाली डोकं घातलेलं नाही.

गॅसने बोल्ट सुटतो, हे खरं. पण पद्मिनीची टाकी मागे आणि पेट्रोल पंप इंजिनवर, म्हणजे पेट्रोलची नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते. खालचं डांबरी अंडरकोट भडकतं, ब्रेक ऑइलही पेट घेतं. त्यापेक्षा दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा आणि तारेच्या ब्रशने आटे साफ करा. एवढं करूनही नट हललाच नाही तर तो कापून काढा. लाल केलेला बोल्ट परत वापरायचा नाही, त्याचा कस गेलेला असतो. नवा घेताना डोक्यावर मजबुतीचा आकडा, ८.८ किंवा जुन्या बोल्टवर असेल तो, बघून घ्या. दुकानदार देईल तो साधा बोल्ट इथे चालत नाही.

पत्र्याच्या शेडचा अँगल वाऱ्या-पावसासाठी असतो, इंजिनसाठी नाही. इंजिनचे माउंट क्रॉस मेंबरवर असतील तर दोन्ही मडगार्डांच्या काठांवर टेकणारा मजबूत आडवा बार ठेवून इंजिन त्यावर तोला.

खुणांचं मात्र अगदीच चुकीचं सांगितलंय. बोल्टच्या भोकांत थोडी ढील ठेवलेली असते. क्रॉस मेंबर दोन-तीन मिलिमीटर सरकून बसला की गाडी एका बाजूला ओढते. उतरवण्याआधी पंचने किंवा रंगाने खुणा करा, पॅकिंगचे पातळ पत्रे कुठल्या बाजूचे किती ते चिठ्ठी लावून ठेवा, फोटो काढा.

घरी हे काम होतच नाही, असं मी म्हणत नाही. सिमेंटचा कोबा, चांगले स्टँड, ट्रॉली जॅक आणि सोबत एक माणूस असला तर होतं, पण एका रविवारी नाही. ब्रेकचे होज आणि स्टिअरिंगचे जोड सोडून, ट्रॉली जॅक क्रॉस मेंबरच्या मधोमध धरून तो हळूहळू उतरवायचा, त्या वेळी खाली कुणीच नको. परत बसवताना रबर बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पक्के आवळायचे, नाहीतर बुश पिळलेल्या स्थितीत बसतात आणि लवकर फाटतात. मग ब्रेकमधली हवा काढायची, व्हील अलाइनमेंट करून घ्यायची आणि पन्नासेक किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासायचे.