‘म्हातारचळ’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या बेलोजवरच्या (कॅमेरा आणि लेन्समध्ये बसणारा, लांबवता येणारा घडीचा भाता) माझ्या लेखाखाली ‘एक वाचक’ लिहितात: “भंगारातल्या बेलोजचं कौतुक हा निव्वळ म्हातारचळ. ऑटोफोकस नाही, धूळ बसते, सगळं हलतं. सरळ १०० मिमीची मॅक्रो लेन्स घ्या.”

अहो वाचक, मतभेदाला ना नाही. पण म्हातारचळ? सीताबर्डीत चहा पिताना समोरासमोर बोललो असतो तर हा शब्द काढला असतात? महालातल्या काकांच्या स्टुडिओत, एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राच्या) लाल दिव्याखाली मी वाढलो. काय भंगार आणि काय माल, एवढं कळतं मला.

एक मान्य. गोरेवाड्याला चतुरांमागे हिंडायचं तर तुमची लेन्स बरी. वाऱ्यात बेलोज घेऊन बसणं म्हणजे वैताग.

पण ‘सरळ १०० मिमीची घ्या’ हे इतकं सरळ नाही. अशा बहुतेक लेन्स १:१ ला थांबतात, सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच. म्हणजे फुल फ्रेमवर, ३६ मिमी रुंद सेन्सरवर, ३६ मिमी रुंदीची चौकट. लिंबू फुलपाखरू अंगणातल्या संत्र्याच्या कोवळ्या पानावर अंडं घालतं ते मिलिमीटर, फार तर दीड मिलिमीटरचं. त्या चौकटीत ते नुसता ठिपका दिसतं. एन्लार्जरची ५० मिमीची लेन्स बेलोजवर चढवा आणि अनंताच्या फोकसपासून (लांबचं स्पष्ट दिसतं त्या जागेपासून) १५० मिमी पुढे न्या. प्रतिमा तिप्पट, चौकट १२ मिमीची. एन्लार्जरच्या लेन्सला छिद्राची रिंग अंगावरच असते, त्यामुळे कॅमेऱ्याशी वायरीचं नातं लागत नाही. किंमत मोजावी लागते ती उजेडाची. तिप्पटीला चार स्टॉप जातात (दर स्टॉपला उजेड निम्मा), एफ ५.६ चं छिद्र प्रत्यक्षात एफ २२ एवढं बारीक असल्यासारखं होतं. म्हणून तर त्याहून बारीक छिद्र करू नका, विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) फोटो मऊ येतो, फ्लॅश वापरा, असं लेखात लिहिलं होतं. तिथवर वाचलंत का, की मथळा पाहूनच हात शिवशिवले?

ऑटोफोकसचं म्हणाल तर, तिप्पटीला फोकसची खोली केसाएवढी. तिथे रेलवर, म्हणजे सरकत्या पट्टीवर, अख्खा कॅमेराच मागेपुढे सरकवायचा असतो. मोटर नुसती घुरघुरत बसेल.

धूळ? ब्लोअर मारा. हलतं? स्क्रू आवळा.

पुढचा लेख रिव्हर्स रिंगवर, लेन्स उलटी बसवायच्या कड्यावर, आहे. तोही जुनाच माल, आधीच सांगून ठेवतो.