प्रतिक्रियेला उत्तर: ‘पण ग्रीन टीने नुकसान तर काही नाही ना?’

ताई, मनात होतं ते स्पष्ट लिहिलंत, हे बरं केलंत. तुमचं म्हणणं असं की, ग्रीन टीने कॅन्सर टळतो हे सिद्ध झालेलं नाही, असं लिहून मी लोकांची एक चांगली सवय मोडतेय. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तो पितात. आणि फायदा झाला नाही तरी नुकसान तर काही नाही. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की केमो चालू असलेल्या मावशींना तुम्ही ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्यात. त्या वाक्यामुळेच हे उत्तर सविस्तर लिहितेय.

आधी जपान. तिथल्या मियागी प्रांतात ४०,५३० जणांवर ११ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००६ मध्ये निष्कर्ष आले: दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी होते, बायकांमध्ये तर ठळकपणे. कॅन्सरच्या मृत्यूंत मात्र फरक नव्हता. त्याआधी २००१ मध्ये त्याच प्रांतातल्या २६ हजारांवर लोकांचा अभ्यास आला होता, जठराच्या कॅन्सरबद्दल. तिथेही चहाचा उपयोग दिसला नाही. तेव्हा जपानचा दाखला तुमच्या बाजूने जात नाही.

आशा वाटावी असं काहीच नाही, असंही नाही. इटलीत प्रोस्टेटमध्ये कॅन्सरपूर्व बदल दिसलेल्या ६० पुरुषांपैकी निम्म्यांना वर्षभर ग्रीन टीतली कॅटेचिन्स नावाची द्रव्यं दिली. त्या ३० जणांत एकाला कॅन्सर झाला, उरलेल्या ३० जणांत नऊ जणांना. पुढे अमेरिकेत ९७ जणांवर तशीच चाचणी झाली, तेव्हा दोन गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही.

आता कॅप्सूल. चहा पिणाऱ्याच्या पोटात दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन, जातं. गोळ्यांतून रोज ८०० किंवा जास्त घेणाऱ्यांच्या यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळली (यकृताला इजा होत असल्याची ती खूण), असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. केमोच्या काळात यकृतावर आधीच ताण असतो, त्यात ही भर कशाला?

त्याहून गंभीर गोष्ट बोर्टेझोमिबची. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरचं हे नेहमीचं इंजेक्शन. त्याच्या रेणूत बोरॉन असतो, आणि ईजीसीजी नेमकं तिथेच जाऊन चिकटतं. औषध शरीरात असूनही कॅन्सरच्या पेशीवर चालत नाही. २००९ मध्ये पेशींवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसलं. औषधाचा त्रासही कमी झाल्यासारखा वाटू शकतो, कारण औषधच निकामी झालेलं असतं. घरच्यांना वाटतं, कॅप्सूल मानवल्या.

तुम्ही स्वतः ग्रीन टी खुशाल प्या. फक्त उकळता नको, ६५ अंशांच्या वरचं कुठलंही पेय अन्ननलिकेला घातक मानलं गेलंय. मावशींच्या कॅप्सूल मात्र आज थांबवा, आणि पुढच्या केमोला जाताना ती बाटली डॉक्टरांना दाखवा. मावशींना कुठली औषधं चालू आहेत ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही. बोर्टेझोमिब असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच फोन करा.