आ वासून ऐकलेला शेवट

मालिकेचा शेवट मला कोणी सांगावा? ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दंतवैद्याकडे थुंकी ओढायची नळी धरून उभ्या असलेल्या ताईंनी! रूट कॅनालची दुसरी सिटिंग, अर्धा जबडा बधिर, गळ्यात लाळेरं आणि तोंडात मॅडमचे दोन्ही हात. अशा अवस्थेतला माणूस 'थांबा, मी अजून बघितलेलं नाही' हे कसं सांगणार?

रविवारी नेमके पाहुणे आले. पाहुण्यांसमोर आपण मालिका बघत नसतो, म्हणून महाएपिसोड सोमवारी रात्रीसाठी राखून ठेवला होता. घरच्यांना दम दिला, गाडीतला ग्रुप म्यूट केला. दाताच्या दवाखान्याचा बंदोबस्त करायचं कुणाला सुचतं?

"मॅडम, काल बघितलंत?" ताई.

"आँ! आँ!" मी.

"दुखतंय का काका?" (मॅडम पस्तिशीच्या, मी अठ्ठेचाळिशीचा. काका!)

"दुखत नाहीये, तेपण बघतात वाटतं. हो ना काका? मग सांगा, ज्या सासऱ्याचं तेरावंसुद्धा केलं, तो जिवंत कसा? आणि तोही पंढरपुरात?"

"आँऽऽ!"

"बघा, काकांनाही पटलं नाही."

ताई रंगात आल्या की नळी भरकटायची. दाढेवरून टाळूला, टाळूवरून गालाला; पाणी साचलं होतं ती जागा सोडून सगळीकडे. खलनायिकेच्या हृदयपरिवर्तनापाशी तर त्यांनी ती बाहेरच काढली आणि हवेत फिरवत म्हणाल्या, "चार वर्षं विष कालवलं हिने, आणि दोन मिनिटांत पाया पडली की झालं?" इकडे माझ्या घशात पाणी, नाकात पाणी, शेवटी डोळ्यांतही.

"अगंबाई, काका रडायला लागले!"

"मला आवडला शेवट," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "छान पॉझिटिव्ह होता." आणि ड्रिल सुरू केलं.

ताई पेटल्या. "काकाच सांगतील. काका, आवडला असेल तर हात वर करा."

आता, दुखलं की डावा हात वर करा, असं मॅडमनीच मला आधी बजावलं होतं. नेमकं तेव्हाच दुखलं. मी हात वर केला.

"बघ, काकांना आवडला," म्हणत मॅडमनी आणखी खोलवर नेलं.

प्रेक्षकाचं मत असंच मोजतात. एकेकाळी जरा तरी वजन होतं त्याला. 1988 साली 'रामायण' मालिका उत्तरकांडाआधीच संपणार म्हटल्यावर जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला होता, आणि पुढे ते कांड पडद्यावर आलंच. 'क्योंकि'मधला मिहीर गेला तेव्हा लोकांनी असा आकांत मांडला की त्याला परत आणावं लागलं. पण 2019 मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा सीझन पुन्हा बनवा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. 'द सोप्रानोज' या अमेरिकन मालिकेवाल्यांनी तर 2007 साली शेवटच्या भागात भर प्रसंगात पडदा काळा करून टाकला; अमेरिकेतल्या लोकांना वाटलं, केबलच गेली. ठाण्यात असं झालं असतं तर केबलवाल्याचं काही खरं नव्हतं.

आमच्याकडे निदान पडदा काळा होत नाही, केक कापतात. पण चीड येते ती यामुळेच. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, ते पडले की गाशा गुंडाळा. सोमवारपासून त्या वेळेला नवीन मालिका. मग चार वर्षांचं वैर एका आठवड्यात मिटवायचं, हरवलेली माणसं भराभर शोधून आणायची आणि सगळ्यांना अंगणात फोटोसाठी उभं करायचं. गोष्ट संपत नाही, तिची वेळ संपते. रोज जेवण गार करून अर्धा तास देणाऱ्याला एवढंच? यातल्या बऱ्याच मालिकांचं शूटिंग आमच्याच घोडबंदर रोडला होतं. तिथल्या ट्रॅफिकमध्ये माणूस गायमुखला अडकला की निदान तासभर विचार करू शकतो. लेखकमंडळी बहुधा तिथल्या तिथेच राहत असावीत.

निघताना काउंटरवर पैसे भरले, पूर्ण. ताईंनी आपुलकीने विचारलं, "काका, तुम्ही आज फार गप्प होतात?" माझा ओठ अजून बधिर होता. "फफाफ" असं काहीसं म्हणालो.

रात्री एपिसोड बघितला. ताईंचा शब्द न् शब्द खरा होता. फक्त सासरा पंढरपुरात नाही, आळंदीत सापडतो. गुरुवारी कॅप बसवायला जायचंय. हे त्यांना ऐकवायचं, तर नळी तोंडात जायच्या आत ऐकवायला हवं.