तिसरी रांग

मोठी गाडी घेणाऱ्याला लोक दोन प्रश्न विचारतात. घेण्याआधी, "एवढी मोठी कशाला?" आणि घेतल्यावर, "अजून एक जण मावेल ना?" दोन्ही प्रश्न विचारणारी तोंडं तीच असतात.

आमची गाडी सात आसनी आणि घरात माणसं पाच. उरलेल्या दोन जागा रिकाम्या राहतील, ऐसपैस बसू, असा माझा हिशेब होता. पण रिकामी सीट नातेवाइकांना बघवत नाही. आपण कुठेतरी निघालोय ही बातमी आपल्याआधी निघालेली असते, आणि गाडी बाहेर काढेपर्यंत आत्या आणि धाकटा भाऊ पिशव्या घेऊन दारात हजर. "तुम्ही जाताच आहात, म्हणून म्हटलं." यावर काय बोलणार? जागा नाही म्हणावं, तर जागा मागच्या काचेतून दिसते.

सात माणसं नेता येतात, हे खरं आहे. सात माणसं आणि त्यांचं सामान नेता येतं, असं मात्र कोणी कधी म्हटलेलं नसतं. ते आपणच मनाशी धरतो. तिसरी रांग पाडली की मागे आख्खं कपाट आडवं मावतं. तीच रांग उभी केली की डिकीत छत्री राहते, तीही तिरकी. विकताना मात्र डिकी लिटरमध्ये सांगतात. डिकीत कोण पाणी भरणार आहे, असं मला वाटायचं. मग कळलं की मोजणारे २० × १० × ५ सेंटिमीटरचे ठोकळे घेतात. असा एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. ते ठोकळे डिकीच्या कानाकोपऱ्यात रचत जायचे आणि किती बसले ते मोजायचं. पद्धत चोख आहे. फक्त आमच्या घरात ठोकळ्याच्या आकाराची एकही वस्तू नाही. आत्याच्या पिशवीला तर आकारच नाही. ती रोज नवा आकार घेते आणि तिच्यावर काही ठेवायचं नसतं, कारण "खाली नाजूक आहे". खाली काय आहे हे विचारायचंही नसतं.

सामान एक वेळ परवडलं. ते जिथे ठेवाल तिथे राहतं. माणसं बसवणं हे खरं काम. पुढची सीट बाबांची. पुढे बसल्याने त्यांना त्रास कमी होतो असं काही नाही, पण मागे बसून मला वेळेवर सूचना देता येत नाहीत. मी गिअर बदलला की ते मान हलवतात. मान कोणत्या दिशेने हलली ते मी आता बघत नाही. मधल्या रांगेत आत्या, बायको आणि मुलगी. आत्याला खिडकी हवी कारण वारा हवा, आणि खिडकी बंद हवी कारण वारा लागतो. तिसऱ्या रांगेत कोण, हे मात्र भांडणाशिवाय ठरतं. त्याला तीनच निकष आहेत: वय कमी, उंची कमी किंवा घरातलं वजन कमी. मुलगा पहिल्या दोन निकषांवर तिथे जातो. धाकटा भाऊ सहा फुटी आहे, पण अजून लग्न झालेलं नाही. म्हणजे घरात वजन शून्य. तोही मागे.

त्या रांगेत शिरण्याचा एक विधी आहे. मधली सीट पुढे पाडायची, त्या फटीतून वाकून, एक पाय आधी आणि डोकं नंतर, असं आत जायचं. डोकं आधी घातलं तर माणूस अर्ध्यात अडकतो, आणि मग त्याला ओढायचं की ढकलायचं यावर बाहेर दोन पक्ष पडतात. एकदा बसलं की गुडघे हनुवटीशी येतात. भाऊ म्हणतो, मला पुढचं काही दिसत नाही, पण माझे गुडघे मी इतक्या जवळून पूर्वी कधी पाहिले नव्हते.

शिवाय ही रांग बरोबर मागच्या चाकांवर येते. खड्डा आला की पुढे बसलेल्याला कळतो, मागच्याला भोगावा लागतो. मळमळतं तेही इथेच जास्त. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, उडतोय, हिंदकळतोय. डोळे सांगतात की समोर आत्याच्या सीटची पाठ आहे आणि ती जागची हललेली नाही. दोघांत खरं कोणाचं, हे मेंदूला ठरवता येत नाही, आणि मग निकाल पोट देतं. यावर दूरवर क्षितिजाकडे बघावं म्हणतात. उपाय चांगला आहे, पण तिसऱ्या रांगेच्या वाट्याला आलेल्या त्या तिकोनी काचेतून क्षितिज नाही, शेजारून जाणाऱ्या ट्रकचं चाक दिसतं.

त्यामुळे "बाबा, गाडी थांबवा" ही हाक आमच्याकडे तीन सुरांत येते. पहिला सूर कंटाळ्याचा, तो सोडून द्यायचा. दुसरा नेहमीच्या अडचणीचा, त्यात थोडा अवधी असतो. तिसऱ्या सुरात वाक्य पुरं होत नाही, नुसतं "बाबा, गा" एवढंच येतं. मग गाडी बाजूला घेऊन मधली सीट पाडायची असते. त्या सीटवर आत्या असते. तिच्या मांडीवर पिशवी असते. पिशवीत नाजूक असतं.

मागच्या रांगेचं आणि माझं थेट बोलणं होत नाही. निरोप मधल्या रांगेमार्फत येतात आणि मधली रांग ते आपल्या सोयीने पोचवते. मागून निघालेला "एसी वाढव" माझ्यापर्यंत येताना "सावकाश चालव" झालेला असतो. मी सावकाश चालवतो, मागचे शिजतात. मागे वेगळा ब्लोअर आहे, छतात गोल जाळ्या आहेत, पण त्याचं बटण मधल्या रांगेच्या डोक्यावर, म्हणजे पुन्हा आत्याच्या हातात. तिला थंडी वाजते. "मुलांना काही होत नाही, मुलांना गरम चालतं," हे तिचं मत ती दोन्ही ऋतूंत मांडते.

असल्या गाडीची कल्पना पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आली, हे मी एकदा रागाच्या भरात शोधून काढलं. विल्यम स्टाउट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने, मूळचा विमानांतला माणूस, १९३० च्या दशकात 'स्कॅरब' नावाची गाडी काढली. आतल्या खुर्च्या हव्या तशा हलवायच्या, मधे छोटं टेबल, आणि माणसं समोरासमोर. थोड्याच गाड्या बनल्या, पुढे सगळं थांबलं. नातेवाईक समोरासमोर बसवून लांबचा प्रवास केला की काय होतं, हे त्याला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. मग १९५६ साली इटलीत फियाटने '६०० मल्टिप्ला' काढली. लांबी जेमतेम साडेतीन मीटर, इंजिन मागे, आणि माणसं सहा. त्या काळी माणसं तरी बारीक असावीत किंवा भिडस्त. हल्लीच्या धर्तीच्या गाड्या आल्या त्या १९८४ च्या आसपास, अमेरिकेत क्रायस्लरच्या आणि युरोपात रेनोची 'एस्पास'. म्हणजे एवढी वर्षं झाली. तरी तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाने गुडघे कुठे ठेवायचे, यावर अजून कोणी तोंड उघडलेलं नाही.

गाडी लांब असली की वळणालाही जागा लागते. लहान गाडी पाचेक मीटरच्या त्रिज्येत वळते, आमची साडेपाच मागते. अर्ध्या मीटरचा तर फरक, असं विकत घेताना वाटतं. पण भिंतीचे कोपरे, खांब आणि दुसऱ्यांच्या मोटरसायकली नेमक्या त्याच अर्ध्या मीटरमध्ये उभ्या असतात. त्यात वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतून येतात. तोंड खांबाच्या पुढे गेलं म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि कूस अजून यायची असते. पार्किंगमध्ये तर हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, हे रोजचंच. सगळ्या गाड्या एका रांगेत आणि आमचं नाक रस्त्यावर. येणारेजाणारे त्या नाकाला वळसा घालतात आणि माझ्याकडे बघतात.

मागे घेताना मदतीला सेन्सर आहेत. ते ध्वनिलहरी सोडतात, त्या आदळून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतात, आणि अडथळा जवळ आला की टीं-टीं-टीं करत शेवटी एकच सलग किंकाळी फोडतात. ती किंकाळी चालू असताना आत्या विचारते, "कोणाचा फोन वाजतोय? उचला की." मग सगळे आपापले फोन शोधायला वाकतात, आरशात मला फक्त पाठी दिसतात, आणि मागचा खांब कोणालाच दिसत नाही.

रात्रीची गोष्ट वेगळीच. सगळे आणि सगळं भरून निघालो की समोरून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला लाइट मारायची. बाबा खूश. "ओळखीचे दिसतात," म्हणून हातही करायचे. प्रकार असा होता की मागे वजन पडलं की गाडीचं बूड बसतं, नाक वर उचललं जातं, आणि दिव्यांचा झोत रस्त्यावर न पडता थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यासाठी स्टिअरिंगच्या बाजूला अंगठ्याएवढी दातेरी चकती असते, शून्य ते तीन आकडे असलेली. गाडीत वजन जास्त तसा आकडा वाढवायचा, की झोत खाली येतो. मी आकडा वाढवला, लाइट मारणं बंद झालं. "लोक हल्ली ओळख दाखवत नाहीत," असं बाबा अजून म्हणतात.

आता पंक्चरबद्दल. आमची स्टेपनी डिकीत नाही. ती डिकीच्या खाली, गाडीच्या पोटाला, तारेवर टांगलेली आहे. ती उतरवायला एक लांब दांडा डिकीच्या तळातल्या भोकात घालून फिरवायचा. भोक सतरंजीखाली. सतरंजी सामानाखाली. सामान दोन तास खपून, कोणाची पिशवी वर आणि कोणाची खाली याचे रुसवेफुगवे मिटवून रचलेलं.

ते सगळं रस्त्याच्या कडेला उतरवलं. उतरवल्याबरोबर प्रत्येकाने आपापली बॅग उघडली. आपल्या वस्तू पाहून इतका आनंद घरी होत नाही. बायकोला तो चार्जर सापडला, जो मी विसरलो असं निघाल्यापासून चाललं होतं. भाऊ तिसऱ्या रांगेतून बाहेर आला आणि बराच वेळ नुसता सरळ उभा राहिला. बाबांनी गाडीचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतलं. मी दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावले, तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावला, गाडी जमिनीवर असतानाच नट सैल केले. जॅक मधल्या रांगेत, आत्याच्या सीटखाली होता.

"आत्या, जरा उतरतेस?"

"कशाला?"

"तुझ्या सीटखाली जॅक आहे."

"मग काढ की. मी पाय वर घेते."

तिने पाय वर घेतले, मी जॅक काढला.

"आता उतर. गाडी उचलायची आहे."

"जॅक किती वजन उचलतो?"

"दीड टन."

"मग मी तेवढी आहे का?"

"वजनाचं नाही गं. कोणी हललं की जॅक सटकतो."

"मी कशाला हलतेय?"

इकडे बाबा पुस्तकात योग्य पानावर पोचले होते. "यात लिहिलंय, गाडीत कोणी बसू नये."

"लिहिणाऱ्याला गुडघे नसतील," आत्या म्हणाली.

खरी अडचण गुडघ्यांची नव्हतीच. धाकटा भाऊ दाराशी उभा राहून त्या सीटकडे ज्या नजरेने बघत होता, ती तिने ओळखली होती. शेवटी बायकोने आत्याचा रुमाल सीटवर पसरला, त्यावर पिशवी ठेवली, आणि "कोणी बसणार नाही" असा शब्द भावाकडून सगळ्यांसमोर घेतला. तेव्हा कुठे आत्या उतरली आणि रस्त्याच्या कडेला, सगळ्यात मोठ्या सूटकेसवर जाऊन बसली.

चाक बदललं, पंक्चर झालेलं चाक तारेवर चढवलं, सतरंजी अंथरली. मग सामान भरायला घेतलं, तर जे सकाळी मावलं होतं ते आता मावेना. बायको म्हणाली, सूटकेस आधी आत गेली तर बाकीचं बसेल. मी सूटकेस आणायला गेलो.

आत्या पाय लांब करून आरामात बसली होती.

"चल, निघायचं."

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "येताना घ्या मला."