प्रतिक्रियेला उत्तर : नकाशावरचं निळं

नमस्कार. जुन्या नकाशाबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘उपग्रहाचे फोटो फुकट मिळत असताना अमेरिकेतल्या युटा राज्यामधल्या गुरं चारायच्या ओसाड दऱ्यांचा जुनापुराणा नकाशा कशाला कवटाळायचा?’ असं तुम्ही विचारलंत. त्यावरची नावं गोऱ्या गुराख्यांनी ठेवलेली, हेही सुनावलंत.

नावांबद्दल तुमचं बरोबर आहे. त्या दऱ्यांना यूट आणि नवाहो या तिथल्या मूळ रहिवाशांची नावं कितीतरी आधीपासून होती आणि लेखात मी त्यांचा उल्लेखही केला नाही. ती चूक दुरुस्त करतो.

पण नकाशा निरुपयोगी, हे मला मान्य नाही. माझ्याकडची प्रत यू.एस. जिऑलॉजिकल सर्व्हे या अमेरिकी सरकारच्या नकाशे काढणाऱ्या संस्थेची, 1950च्या दशकातली. प्रमाण 1:62,500, म्हणजे इंचाला जवळजवळ मैल. कड्यांपाशी तपकिरी कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) इतक्या दाटतात की त्यांचा एकच पट्टा होतो. त्यामधून एक निळी रेघ खाली उतरते : एक आडवी रेघोटी, तीन टिंबं, पुन्हा रेघोटी. म्हणजे ओढा बारमाही नाही. पुढे कुठेतरी शेपटी फुटलेलं इवलंसं निळं वर्तुळ असतं. तो झरा! हिवाळ्यात गुरं दऱ्यांत, उन्हाळ्यात डोंगरावर, असा तिथला रिवाज. या दोन्हींच्या मधल्या वाटेवर जनावरांना पाणी कुठे पाजायचं, ते या वर्तुळांवरून ठरवता येतं. कपारीच्या सावलीत झिरपणारा झरा वरून काढलेल्या फोटोत कसा दिसणार?

आणि तिथल्याच ग्लेन कॅनियन या कोलोराडो नदीच्या खोल दरीचं काय? 1963 साली तिथल्या धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली, त्यातून झालेला लेक पॉवेल हा तलाव 1980 साली पहिल्यांदा काठोकाठ भरला. कोलोराडो नदीकाठचं हाईट हे गाव त्यात बुडालं. 1776 साली स्पॅनिश पाद्री ज्या उतारावरून नदी पार करून गेले, तोही बुडाला. धरणाआधीच्या नकाशांवर तिथे तलाव नाही, नुसती नदी आहे.

जुन्या नकाशाचा उपयोग बुडालेल्या जागांसाठी हळहळण्यापुरता नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत पाणी खूप उतरलं आणि बुडालेल्या काही उपदऱ्या पुन्हा उघड्या पडल्या, पण गाळासकट. धरणात एकूण गाळ किती साचला हे काढायचं तर आधीचा तळ माहीत हवा. आजच्या उपग्रहाला तो दिसत नाही. तो या तपकिरी रेषांत आहे.