‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर: हो, खिडकीचेही पैसे घेतो

धंद्याच्या गाड्यांवर व्हिनाइल, म्हणजे छापलेली चिकट प्लास्टिक फिल्म, लावायचे रेट कसे काढतो यावरच्या माझ्या लेखाला ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आलीये. चार ओळी लिहून सोडणार होतो, पण रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून आता सविस्तरच लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फिल्मच्या जाडीचे आकडे चुकलेत, दहा गाड्या एकदम दिल्या तर रेट किती उतरतो ते सांगितलं नाही, काम उखडलं तर जबाबदारी कोणाची ते गोलमोल लिहिलंय, आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: “खिडक्या आणि चाकांच्या जागी फिल्म लागतच नाही तरी त्याचे चौरस फूट धरता, ही सरळ लूट आहे, शेवटी स्टिकरच तर चिकटवायचाय.”

आधी माझी चूक. कास्ट (ओतून बनवलेली फिल्म) आणि कॅलेंडर्ड (रोलरमधून दाबून बनवलेली, स्वस्तातली) यांचे आकडे मी उलटे टाकले होते. कास्ट फिल्म साधारण ५० मायक्रॉन, कॅलेंडर्ड ७५ ते १००. दुरुस्त केलंय, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, मनापासून.

आता लूट. साहेब, “हे का धरता हो?” एवढंच विचारलं असतंत तर दोन वाक्यांत सांगून मोकळा झालो असतो. पण स्वतःचं नावगाव लपवून दुसऱ्याला लुटारू म्हणायचं आणि वर नाव घ्यायचं स्पष्टवक्ता, कमाल आहे. मी इथे माझ्या नावाने लिहितो, माझी गिऱ्हाइकं हे वाचतात.

तर, फिल्म रोलमध्ये येते, रुंदी १.३७ नाहीतर १.५२ मीटर. छापताना खिडकीएवढं भोक सोडून कोणी छापत नाही, अख्खा पट्टा प्रिंट होतो, सॉल्व्हंट इंक असेल तर किमान २४ तास नुसता वाळत ठेवायचा, मग त्यावर लॅमिनेट, म्हणजे छपाई जपणारा पारदर्शक थर, मग तो पट्टा गाडीवर चढतो, खिडकीवरून तसाच पलीकडे जातो, आणि तेव्हा कुठे आपण खिडकी कापून मोकळी करतो. तो कापलेला तुकडा छापलेला असतो, लॅमिनेट केलेला असतो, आणि थेट कचऱ्यात जातो. त्याचे पैसे कोणी द्यायचे, तुम्हीच सांगा.

आणि खरं सांगू का, फिल्मचं एक वेळ सोडा. सपाट पत्र्यावर स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबून बसवायची पट्टी, सरसर फिरते, तिथे वेळ जातच नाही. वेळ जातो कडेला. खिडकीच्या रबरापाशी ब्लेड चालवायचं म्हणजे हात जरा जड पडला तर रंगावर रेघ, म्हणून तिथे आधी नाइफलेस टेप लावून घ्यायची, तिच्या दोऱ्याने फिल्म कापायची आणि मग कड रबराखाली दाबत दाबत चारी बाजूंनी फिरायचं. चाकाच्या कमानीला तर चिखल, खडे, वॉशिंगचा प्रेशर, सगळा मार तिथेच, म्हणून ती आधी डिग्रीजरने धुवायची, मग अल्कोहोलने पुसायची, कड आत वळवायची आणि हीट गन मारायची. म्हणजे तुमच्या हिशेबाने जिथे ‘काहीच लागत नाही’ त्या भोकांच्या भोवतीच माझा अर्धा दिवस जातो. मग चौरस फुटात का सांगता, असं विचाराल. बरोबर आहे, पण गिऱ्हाइक फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतं, “फुटाला काय?”, त्याला काय कडांची लांबी सांगत बसू?

‘स्टिकरच तर’ म्हणालात म्हणून एक सांगतो. धंद्यात नवीन होतो तेव्हा मीही असंच समजायचो. एका गिऱ्हाइकाला स्वस्तात पाहिजे म्हणून खोल खाचा असलेल्या एका व्हॅनला कॅलेंडर्ड फिल्म लावून दिली. गरम करून खाचांत दाबली, काय सुंदर दिसत होती, फोटोपण काढले. तीन आठवड्यांत गाडी परत, प्रत्येक खाचेवर फिल्म ताणून उभी राहिलेली, खाटेला दोरी ताणतात तशी. कॅलेंडर्ड रोलरमधून दाबून ओढून बनते, तो ताण तिच्यात राहतो आणि ती मूळ जागी जायला बघते. खाचांत कास्टच लागते, आणि तीसुद्धा लावून झाल्यावर ९० अंशांच्या वर परत तापवायची, थर्मामीटरने बघत, इंच इंच. ती व्हॅन मी फुकट करून दिली. काढायलाच दोन दिवस गेले, नखाएवढे तुकडे निघत होते आणि गोंद पत्र्यावरच. तेव्हा कोणी लूट म्हणालं नाही, बरं का, कारण लुटला गेलेला मी होतो.

आणि रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे ते उठावदार खिळे. बॉक्स ट्रकच्या एका बाजूचे एकदा मोजले होते, तीनशेच्या वर भरले. प्रत्येकाभोवती सुईने टोचून हवा काढा, गरम करा, ब्रशने गोल गोल बसवा. एक जरी राहिला तर त्याच्याभोवती पांढरं कडं दिसतं आणि मालकाची नजर नेमकी त्यावरच जाते.

दहा गाड्यांचं म्हणाल तर थोडा फरक पडतो, माप आणि फाइल एकदाच होते, पण रिव्हेट दहाव्या गाडीलाही तितकेच असतात. जबाबदारीचं लेखात स्वच्छ लिहिलंय, परत वाचा. रिपेंट केलेल्या पत्र्यावरून फिल्म काढताना रंगच निघून आला तर तो माझा दोष नाही, हे वाक्य तुम्हाला गोलमोल वाटत असेल तर माझा इलाज नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की स्वतःच्या बाईकच्या टाकीवर तुम्ही स्वतः स्टिकर लावलाय आणि एकही बबल नाही. छान. हातभर स्टिकर, एक रविवार, वरून बघायला कोणी नाही. टाकीच्या झाकणाकडची कड एकदा नखाने उचलून बघा, तिथे पेट्रोल सांडतं.