पायाची जुनी जखम: त्या मेसेजमधला एकेक सल्ला तपासू

पायावरच्या न भरणाऱ्या जखमेबद्दलचा एक मेसेज सध्या घरोघरी फिरतोय. जखम उघडी ठेवा, वाळू द्या. रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवा. अँटिबायोटिकचा कोर्स करा. घट्ट पट्टी नको, रक्त अडतं. पायाला पूर्ण आराम द्या. आणि धीर धरा, अशी जखम वर्ष घेतेच. ऐकायला सगळं पटतं. पण ही जखम झाली कशामुळे, हा प्रश्न त्यात कुठेच नाही, आणि उपचार तर त्यावरच ठरतो.

"उघडी ठेवा, वाळू द्या." संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने येते. कोरड्या खपलीखाली पेशींना सरकायला वाट मिळत नाही. अपवाद आहे: रक्तच न पोहोचणाऱ्या पायाच्या बोटावरचा काळा, कोरडा भाग डॉक्टर मुद्दाम कोरडा ठेवतात.

पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्याने येणाऱ्या पेशीही मारतं. रोज धुवायला सलाइन (निर्जंतुक मिठाचं पाणी) किंवा स्वच्छ पिण्याचं पाणी पुरतं.

"अँटिबायोटिक घ्या." जुन्या जखमेवर जंतू असतातच, स्वॅबमध्ये (जखमेवरून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्यात) ते दिसले म्हणजे संसर्ग झाला असं नाही. लाली पसरतेय, पाय गरम लागतोय, दुखणं वाढलंय, ताप आहे, तर औषध हवंच, तेही लगेच. यातलं काही नसताना गोळ्यांनी जखम लवकर भरत नाही.

आता पट्टीचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पायावरच्या जुनाट जखमांमध्ये सर्वाधिक जखमा शिरांच्या, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांच्या, बिघाडामुळे होतात. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं आणि घोट्याजवळचा दाब वाढतो. असा पाय नीट बघा: संध्याकाळी सूज, घोट्याच्या वर तपकिरी डाग, कातडी टणक, आणि जखम बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला, उथळ, भरपूर लस गळणारी. या जखमेवर मुख्य उपचारच घट्ट पट्टी आहे: बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब. ड्रेसिंग कितीही महागडं असो, दाब नसेल तर जखम रेंगाळते.

मेसेजमधली भीती निराधार मात्र नाही. पायाला रक्त पोहोचवणाऱ्या धमन्याच अरुंद असतील तर घट्ट पट्टीने पाय गमवायची वेळ येऊ शकते. म्हणून आधी मोजायचं. रुग्णाला आडवं करून डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब घेतात, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागतात. उत्तर ०.८ ते १.३ च्या दरम्यान आलं तर साधारणपणे पूर्ण दाबाची पट्टी चालते, ०.५ च्या खाली गेलं तर पट्टी नाहीच, तातडीने रक्तवाहिन्यांचा सर्जन. मधल्या आकड्यांना बेताचा दाब, तोही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने आकडा फसवा, जास्त येतो. तिथे पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब बघतात. रात्री दुखणाऱ्या पायाला पलंगाखाली लोंबकळत ठेवल्यावर बरं वाटत असेल, तर धमनीचा संशय आधी घ्या. न मोजता कुणी पट्टी आवळत असेल, तर त्याला थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

"पायाला पूर्ण आराम द्या." बसताना पाय उंच ठेवा, हे बरोबर. पण पोटरीचे स्नायू हलले की रक्त वर ढकललं जातं. पट्टी बांधून चालणं, घोटा वर-खाली करणं उपयोगाचंच. तळव्यावरची मधुमेहाची जखम वेगळी: तिच्यावर वजन टाकायचंच नाही.

"धीर धरा" हे मला सगळ्यात खुपतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एव्ह्रा नावाच्या चाचणीत बिघडलेली शीर लवकर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली. पट्टीवर थांबून हे काम नंतरवर टाकलेल्यांपैकी निम्म्यांची भरायला ८२ दिवस लागले. दोन्ही गटांना पट्टी होतीच. दुसरं, वर्षानुवर्षं उघड्या असलेल्या जखमेत क्वचित कर्करोग होतो. कडा उंच, जाड झाल्या, मांस वर येऊन सहज रक्त येऊ लागलं, किंवा नीट उपचार करूनही तीन महिन्यांत काहीच फरक नाही, तर बायोप्सी (जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणी) मागून घ्या.